फळी घडवणारे मास्तर



ज्या सरांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते त्यांनी मला आठवीत गणित शिकवले. या सभागृहात त्यांचे विद्यार्थी पुष्कळ बसले आहेत, तेव्हा त्यांच्याविषयी मी वेगळे काही सांगायला नको. त्यांच्या नावाने चाललेल्या मालेत बोलायचे तर एखाद्या शिक्षकाविषयीच बोलावे, एवढे मनाशी पक्के होते. मी निवडलेले शिक्षक अमेरिकेतले आहेत. ते फुटबॉल शिकवत, आणि फुटबॉलमधलेही एकच काम शिकवत. त्यांचे नाव डान्टे स्कारनेकिया. न्यू इंग्लंड पेट्रिअट्स या व्यावसायिक संघात त्यांनी ३४ हंगाम काढले. या काळात संघ दहा वेळा सुपर बोलपर्यंत, म्हणजे वर्षाच्या अंतिम सामन्यापर्यंत पोहोचला आणि त्यांपैकी पाच वेळा जिंकला. एवढे होऊनही बॉस्टनच्या रस्त्यावरून ते चालत गेले असते तर दहांतल्या नऊ जणांनी वळून पाहिले नसते.

कोल्हापूरकरांना फुटबॉल समजावून सांगण्याचे धाडस कोणी करू नये. पाटाकडील आणि बालगोपालचा सामना शाहू स्टेडियमवर असला की अर्ध्या गावाचे घड्याळ त्या सामन्यावर चालते. पण आपला फुटबॉल पायाचा. अमेरिकन फुटबॉल हा निराळा खेळ आहे, म्हणून त्याची अगदी जुजबी ओळख करून देतो. दोन्ही बाजूंना अकरा अकरा खेळाडू. चेंडू लांबट, दोन्ही टोकांना निमुळता. ज्याच्याकडे चेंडू आहे त्या संघाने चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचे. जमले तर पुन्हा चार प्रयत्न मिळतात, नाही तर चेंडू समोरच्याला जातो. चेंडू हातात घेऊन पळता येते किंवा पुढे फेकता येतो. फेकणारा तो क्वार्टरबॅक. पैसा, प्रसिद्धी आणि पोस्टरवरचा चेहरा बहुतेक वेळा त्याच्याच वाट्याला येतो.

त्याच्या पुढ्यात पाच जण एका ओळीत वाकून उभे असतात. मधला सेंटर, त्याच्या दोन्ही बाजूंना दोन गार्ड, त्यांच्या बाहेर दोन टॅकल. ही आक्रमणाची फळी. एकेकाचे वजन एकशे पस्तीस-चाळीस किलो, कोणाकोणाचे त्याहूनही जास्त. नियमच असा आहे की एरवी या पाच जणांना पुढे फेकलेला चेंडू झेलता येत नाही. चेंडू घेऊन पळणे हेही त्यांचे काम नव्हे. त्यांचे काम समोरून येणारा लोंढा थोपवण्याचे. क्वार्टरबॅकला चेंडू फेकायला अडीच-तीन सेकंद मिळतात, ते या पाच जणांनी मिळवून दिलेले असतात. फळी फुटली आणि क्वार्टरबॅक चेंडू हातात असतानाच आडवा झाला, तर त्याला ‘सॅक’ म्हणतात. खेळाच्या आकडेवारीत या पाच जणांच्या नावावर धावा नाहीत, गुण नाहीत, झेल नाहीत. चूक झाली की मात्र पंच झेंडा टाकतो आणि ध्वनिक्षेपकावरून त्यांचा क्रमांक सगळ्या मैदानाला ऐकवतो.

नोकरीच्या निमित्ताने मी मॅसॅच्युसेट्समध्ये बरीच वर्षे राहिलो. फॉक्सबरोला पेट्रिअट्सचे सरावशिबिर उन्हाळ्याच्या शेवटी लोकांना बघायला मोकळे असते, तिकीट लागत नाही. लोक मुलांना खांद्यावर घेऊन येतात आणि संघाचा क्वार्टरबॅक टॉम ब्रेडी ज्या बाजूला असेल त्या बाजूच्या दोरीला गर्दी करतात. मी एकदा गर्दी टाळायला म्हणून मैदानाच्या दुसऱ्या कडेला जाऊन बसलो आणि तिथे हे काम पहिल्यांदा जवळून पाहिले. चेंडू कुठेच नव्हता. एक टॅकल एक हात जमिनीवर टेकून वाकलेला. इशारा होताच तो मागे सरकू लागे. धावत मागे जायचे नाही. बाहेरचा पाय आखूड पावलाने मागे टाकायचा, आतला पाय जमिनीलगत ओढून आणायचा आणि दोन्ही पायांतले अंतर कायम ठेवायचे. पाय जुळले की माणूस संपला, कारण समोरचा नेमक्या त्याच क्षणी धक्का देतो. कंबर खाली, पाठ सरळ, डोके मागे. हात छातीशी तयार. आणि धक्का द्यायचा तो पंजाच्या टाचेने, अंगठे वर, समोरच्याच्या छातीच्या आत. हात बाहेरून पडले तर ते धरणे होते आणि दहा यार्डांचा दंड बसतो. लवकर मारले तर हात हवेत जातात आणि तोल जातो. उशिरा मारले तर समोरचा छातीत शिरलेला असतो. सगळा खेळ हाताच्या पंजाएवढ्या जागेत आणि डोळ्याची पापणी लवावी एवढ्या वेळात. तो टॅकल एवढेच पुन्हा पुन्हा करत होता आणि शेजारी पिकल्या केसांचा, शिडशिडीत, उन्हाने रापलेला एक माणूस आवाज चढवून प्रत्येक पावलाला बोलत होता. मध्येच स्वतः वाकून पाऊल टाकून दाखवत होता. ते स्कारनेकिया. वय साठीकडे झुकलेले.

पायांचे आणि हातांचे हे शिक्षण एकेकाचे. त्याहून अवघड ते पाचांचे मिळून असते. समोरचे खेळाडू सरळ येत नाहीत. एक जण आत घुसल्यासारखे दाखवतो आणि दुसरा त्याच्या पाठीमागून वळसा घालून येतो. अशा वेळी गार्डने आपला माणूस शेजारच्याच्या हवाली करायचा आणि त्याचा माणूस आपण उचलायचा. ही अदलाबदल अर्ध्या सेकंदात, न बोलता व्हावी लागते. आपल्या कबड्डीत साखळी धरतात तसेच हे आहे. एक जण पाऊलभर पुढे गेला की साखळीत फट पडते आणि चढाई करणारा नेमका त्या फटीतून निसटतो. चेंडू टाकण्याआधी सेंटर समोरची मांडणी वाचतो आणि मधला बचावपटू कोण ते ओरडून सांगतो. त्यावरून कोण कोणाला अडवणार ते पाचही जणांना कळते. परक्या मैदानावर सत्तर हजार लोक कानठळ्या बसवत असताना हेच काम खुणांवर करावे लागते. म्हणून स्कारनेकिया खेळाडू निवडताना आधी बुद्धी बघत, मग चिवटपणा, आणि अंगातली चपळाई कामापुरती असली तरी त्यांना चालत असे. हा क्रम त्यांनी जाहीरपणे अनेकदा सांगितला आहे. इतरत्र लोक वजनकाटा आणि धावण्याचे घड्याळ आधी बघतात.

आता त्यांचा जीवनक्रम. जन्म १९४८ चा, लॉस एंजेलिसचा. कॅलिफोर्निया वेस्टर्न या लहानशा महाविद्यालयात ते खेळले आणि १९७० मध्ये तिथेच शिकवू लागले. मरीन कोअरच्या राखीव दलातही होते. मग बारा वर्षे आयोवा, टेक्सास, कॅलिफोर्निया, ॲरिझोना अशी महाविद्यालयांची भटकंती झाली. अमेरिकेत या पेशात माणूस संसार ट्रकमध्ये घालूनच फिरतो. १९८२ मध्ये रॉन मेयर यांच्याबरोबर ते पेट्रिअट्समध्ये आले. मधली १९८९ आणि १९९० ही दोन वर्षे ते मेयर यांच्याबरोबरच इंडियानापोलिसला गेले, १९९१ मध्ये परत आले आणि मग हलले नाहीत.

या ‘हलले नाहीत’ मागे काय आहे ते सांगायला हवे. व्यावसायिक फुटबॉलमध्ये मुख्य प्रशिक्षक गेला की त्याचे सहायकही जातात. नवा येतो तो आपली माणसे घेऊन. स्कारनेकियांनी न्यू इंग्लंडमध्ये सहा मुख्य प्रशिक्षकांच्या हाताखाली काम केले: मेयर, रेमंड बेरी, डिक मॅकफर्सन, बिल पार्सेल्स, पीट कॅरोल आणि बिल बेलिचिक. स्वभावाने ही सहा माणसे सहा दिशांची. पार्सेल्स तोंडाने फाडून खाणारे, कॅरोल हसतमुख, बेलिचिक मोजके बोलणारे. प्रत्येकाने आल्यावर कर्मचाऱ्यांची यादी पाहिली आणि हे नाव ठेवले. १९९२ मध्ये मॅकफर्सन आजारी पडले तेव्हा काही सामने संघाची धुराही त्यांच्याकडे आली. तो हंगाम संघाचा फार वाईट गेला, सोळांतले दोन सामने जिंकले. त्यानंतर ते शांतपणे आपल्या कामावर परत गेले. फळीची जबाबदारी १९९९ पासून सलग त्यांच्याकडे आली, म्हणजे वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी. ज्या कामासाठी आज त्यांचे नाव घेतले जाते त्याची खरी सुरुवात इतक्या उशिरा झाली.

इथे मला दुसऱ्या एका फळी-प्रशिक्षकाविषयी बोलायचे आहे. १९८० च्या दशकात वॉशिंग्टनचे जो ब्यूगल हे या विद्येतले मोठे नाव होते. त्यांच्या फळीला त्यांनीच ‘हॉग्ज’ म्हणजे डुकरे हे नाव दिले आणि त्या पाच जणांनी ते अभिमानाने मिरवले. लोक रबरी नाके लावून मैदानावर येत. फळीतल्या खेळाडूंना चाहते मिळाले, असे त्या खेळात क्वचितच घडले असेल. त्या फळीतले जो जॅकोबी आणि जेफ बॉस्टिक यांना संघ नवे खेळाडू फेऱ्याफेऱ्यांनी निवडतात त्या वार्षिक निवडप्रक्रियेत कोणत्याही संघाने घेतलेले नव्हते. ब्यूगल यांनी त्यांच्यातून फळी उभी केली आणि जानेवारी १९८३ च्या सुपर बोलमध्ये जॉन रिगिन्स याच फळीच्या मागून १६६ यार्ड धावला. मग व्हायचे ते झाले. १९९० मध्ये ॲरिझोनातल्या संघाने ब्यूगल यांना मुख्य प्रशिक्षक केले. चार वर्षांत २० सामने जिंकले, ४४ हरले. पुढे ओकलंडला एक वर्ष मिळाले, त्यात ४ जिंकले आणि १२ हरले. २००४ मध्ये ते वॉशिंग्टनला फळी शिकवायला परत आले आणि निवृत्त होईपर्यंत तेच केले. त्यांची विद्या कुठेही गेली नव्हती. मुख्य प्रशिक्षकाचे काम मात्र वेगळ्याच जातीचे आहे: पत्रकार, मालक, करार, पन्नासेक खेळाडूंचे रुसवेफुगवे. पाच जणांना पाऊल शिकवणाऱ्याला ते यावेच असे नाही.

मला जे म्हणायचे आहे ते इथे आहे. एखाद्याला एक काम उत्तम येते, म्हणून त्याला त्या कामावरून उचलून दुसऱ्या कामावर बसवायचे आणि याला बढती म्हणायचे, ही रीत जगभर आहे. आपल्या शाळांत तर ती नियमच होऊन बसली आहे. उत्तम शिकवणारा शिक्षक सेवाज्येष्ठतेने मुख्याध्यापक होतो आणि त्या दिवसापासून त्याचा खडू सुटतो. पगारपत्रके, शिष्यवृत्तीचे अर्ज, पोषण आहाराचा हिशेब यांत त्याची उरलेली वर्षे जातात आणि वर्ग दुसऱ्याच्या हाती जातो. आपल्या सरांनी मुख्याध्यापकपद लेखी नाकारले होते, हे तुमच्यापैकी अनेकांना ठाऊक आहे. त्या वेळी गावात त्याची चर्चा झाली ती वेगळ्याच सुरात. माणसात महत्त्वाकांक्षा नाही, असे लोक म्हणाले. मला वाटते की तीच मोठी महत्त्वाकांक्षा होती, आणि स्कारनेकियांची कारकीर्द पाहताना मला ती अधिक समजली. एका कामाच्या तळापर्यंत जाण्याची इच्छा असणारा माणूस वरच्या खुर्चीकडे बघत नाही, कारण त्याला अजून खाली बरेच दिसत असते.

अशा माणसाच्या हातून काय घडते ते पाहायला फेब्रुवारी २००४ मधला ह्यूस्टनचा सुपर बोल घ्या. समोर कॅरोलायना, तिची पुढची चौकडी त्या वर्षी सगळ्यांना धडकी भरवणारी. पेट्रिअट्सचा गार्ड डेमियन वुडी जायबंदी. त्याच्या जागी रस हॉकस्टाइन. याला आधी टँपा बेच्या संघाने काढून टाकले होते. तिथला त्याचा जुना सहकारी वॉरन सॅप सामन्याआधी उघडपणे म्हणाला की याच्याकडून कॅरोलायनाची माणसे अडवली जाणार नाहीत. सेंटर डॅन कॉपेन त्या वर्षीच आलेला, पाचव्या फेरीत निवडलेला पोरगा. अशा फळीच्या मागून ब्रेडीने त्या रात्री ४८ वेळा चेंडू फेकला आणि तो एकदाही सॅक झाला नाही. ३२-२९ ने पेट्रिअट्स जिंकले. दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रांत ब्रेडी आणि शेवटची किक मारणारा व्हिनाटिएरी यांचे फोटो होते, आणि ते योग्यच होते.

कोल्हापुरात ज्याचे नाव ठाऊक असायला हवे असा स्कारनेकियांचा एक विद्यार्थी स्टीव्हन नील. हा पैलवान. १९९९ मध्ये अंकारा इथे तो फ्रीस्टाइल कुस्तीत वजनी गटाचा जगज्जेता झाला. त्याच वर्षी अमेरिकन महाविद्यालयीन अंतिम कुस्तीत त्याने ब्रॉक लेस्नरला हरवले होते. टीव्हीवरच्या कुस्तीमुळे लेस्नर पुढे घराघरात पोहोचला. नीलने महाविद्यालयात फुटबॉलचा एकही सामना खेळलेला नव्हता. २००१ मध्ये पेट्रिअट्सनी त्याला घेतले, सोडले, पुन्हा घेतले. ज्याला खेळाचे कायदेही नीट माहीत नाहीत त्याला जगातल्या सर्वोच्च दर्जाच्या सामन्यात उभे करायचे, हे काम स्कारनेकियांच्या पदरात पडले. पैलवानाकडे काय असते ते तुम्हाला सांगायला नको: कंबर खाली ठेवण्याची सवय, समोरच्याच्या अंगाचा तोल हाताला कळणे, पकडीसाठी झगडण्याची सराईत घाई. नव्हते ते फुटबॉलचे डोके. कोणाला सोडायचे, कोणाला उचलायचे, पाय कुठल्या क्षणी उचलायचे. तालमीत तर एकच माणूस समोर असतो. इथे एक समोर, दुसरा कडेने आणि तिसरा कुठून येईल याचा नेम नाही. हे सगळे त्याला अक्षरओळखीपासून शिकवले गेले. २००४ पर्यंत नील गार्ड म्हणून पक्का झाला आणि त्या हंगामाच्या सुपर बोलमध्ये तो सुरुवातीच्या अकरांत होता. दहा हंगाम त्याने तिथे काढले. आपल्या तालमींतली किती पोरे कुस्तीचे वय सरल्यावर कुठल्या कुठे जातात याचा विचार करताना मला हा माणूस हटकून आठवतो.

सगळेच गोड आहे असे नाही, आणि या पेशातला पराभव फार क्रूर असतो. २००७ चा संघ नियमित हंगामातले सोळाच्या सोळा सामने जिंकला होता. फळीतले लाइट, कॉपेन आणि मँकिन्स हे तिघे त्या वर्षी प्रो बोल या निवडक खेळाडूंच्या सामन्यासाठी निवडले गेले. अंतिम सामन्यात न्यूयॉर्क जायंट्सच्या चौकडीने ही फळी फोडली. ब्रेडी पाच वेळा सॅक झाला, संघ १७-१४ ने हरला आणि एकही पराभव नसलेला हंगाम शेवटच्या दिवशी हातातून गेला. त्याहून मला फेब्रुवारी २०१८ चा फिलाडेल्फियाविरुद्धचा सामना जास्त बोचतो. ब्रेडीने त्या रात्री ५०५ यार्डांची फेक केली, सुपर बोलमधला विक्रम. पेट्रिअट्सना एकदाही चेंडू लाथाडून समोरच्याला द्यावा लागला नाही. संपूर्ण सामन्यात दोन्ही बाजू मिळून सॅक एकच झाला. सामना संपायला दोन मिनिटांहून थोडा जास्त वेळ, पेट्रिअट्स पाच गुणांनी मागे, चेंडू त्यांच्याकडे. फिलाडेल्फियाचा ब्रँडन ग्रॅहम एरवी बाहेरून येणारा, तो त्या वेळी आत गार्डच्या समोर उभा राहिला, गार्डला चुकवून घुसला आणि त्याने ब्रेडीच्या हातातला चेंडू खाली पाडला. ४१-३३. रात्रभर फळी अभेद्य राहिली आणि लोकांच्या लक्षात राहिला तो एक क्षण. हे काम करणाऱ्याला रोज रात्री याच हिशेबाने झोपावे लागते. त्या दिवशी दुसऱ्या बाजूची फळी जेफ स्टाउटलंड यांनी घडवलेली होती. तेही याच जातीचे शिक्षक. त्यांनी पुढे ऑस्ट्रेलियातून आलेला जॉर्डन मायलाटा घडवला. तो रग्बी लीग खेळत असे, अमेरिकन फुटबॉल त्याने कधी खेळलेला नव्हता. सातव्या फेरीत निवडलेला हा पोरगा आज फिलाडेल्फियाचा डावा टॅकल आहे.

आता जी हकीकत सांगतो ती माझ्या मते या कारकिर्दीचा सगळ्यात भक्कम पुरावा आहे. २०१३ चा हंगाम संपला आणि स्कारनेकिया निवृत्त झाले. वय पासष्ट पार. त्यांच्या जागी दुसरे प्रशिक्षक आले. पहिल्याच वर्षी संघ सुपर बोल जिंकला, तेव्हा काही बिघडले असे कोणाला वाटायचे कारण नव्हते. मग जानेवारी २०१६ मध्ये डेन्व्हरला उपांत्य सामना झाला. फळीत दुखापती होत्या, डावा टॅकल नेट सोल्डर बाहेर होता, हे मान्य. पण त्या दिवशी जे झाले ते बघवत नव्हते. ब्रेडीला वीस वेळा मार बसला. डेन्व्हरचा व्हॉन मिलर उजवा टॅकल मार्कस कॅननच्या अंगावरून जावे तसा येत होता. संघ २०-१८ ने हरला. फळीच्या प्रशिक्षकाला काढले आणि अडुसष्टाव्या वर्षी स्कारनेकियांना परत बोलावले.

कॅननविषयी थोडे. २०११ च्या निवडीच्या सुमारास त्याला लिम्फोमा हा कर्करोग असल्याचे निदान झाले होते, म्हणून तो पाचव्या फेरीपर्यंत घसरला. उपचार घेऊन त्याच वर्षी तो मैदानात उतरला. डेन्व्हरच्या सामन्यानंतर लोकांनी त्याला निकालात काढले होते. स्कारनेकिया परतल्यावर त्याने वजन उतरवले, पाय नव्याने शिकला, आणि २०१६ च्या हंगामाअखेर देशातल्या सर्वोत्तम खेळाडूंच्या दुसऱ्या चमूत त्याची निवड झाली. जागा तीच, जर्सी तीच, वय एका वर्षाने वाढलेले. वजन कमी केल्याचा वाटा त्यात आहेच. पण शेजारी शॅक मेसन हा गार्ड होता, ज्याच्या महाविद्यालयाचा संघ चेंडू जवळपास फेकतच नसे, म्हणजे फेकणाऱ्याचे संरक्षण ही गोष्ट त्याने व्यवसायात आल्यावर शिकली. डाव्या बाजूला जो थूनी, त्याच वर्षी आलेला. सेंटर डेव्हिड अँड्रूज, निवडीत कोणीही न घेतलेला. यांतल्या एकेकाच्या सुधारणेला वेगळे कारण शोधता येईल. सगळ्यांना मिळून एकच कारण दिसते. संघ १४-२ असा गेला आणि सुपर बोलमध्ये २८-३ असा मागे पडूनही ३४-२८ ने जिंकला.

हे सगळे पूर्वीपेक्षा कमी सरावात करायचे होते, हेही लक्षात घ्या. लीग आणि खेळाडू यांच्यातल्या २०११ च्या करारानुसार दिवसातून दोनदा पूर्ण सराव बंद झाला आणि नियमित हंगामात संरक्षक पॅड घालून फक्त १४ सराव करता येऊ लागले. खेळाडूंच्या डोक्याला आणि सांध्यांना होणारी इजा पाहता हा नियम योग्यच आहे. पण फळी ही धडक देऊनच शिकण्याची गोष्ट. त्यामुळे शिकवणाऱ्याला पावलापावलाचे पृथक्करण करून, धडक न देता ते अंगात उतरवावे लागले. जुन्या पिढीतल्या कितीतरी प्रशिक्षकांची इथे दमछाक झाली. यांची झाली नाही, कारण चेंडूशिवाय, धडकेशिवाय, नुसत्या पावलावर घटका घटका काढण्याची त्यांची रीत आधीपासूनच होती.

२०१८ ला त्यांच्यापुढे पुन्हा पाटी कोरी. सोल्डर चार वर्षांच्या ६ कोटी २० लाख डॉलरच्या करारावर न्यूयॉर्कला गेला. त्याच्या जागी सॅन फ्रान्सिस्कोहून ट्रेंट ब्राऊन आला. हा अवाढव्य माणूस, मूळचा सातव्या फेरीतला. त्या वर्षीच्या बाद फेरीत कॅन्सस सिटीशी गाठ पडली. नियमित हंगामात त्यांनी ५२ सॅक केले होते, लीगमध्ये संयुक्त पहिला क्रमांक. अंतिम सामन्यात समोर ॲरन डोनाल्ड, त्याचे एकट्याचे साडेवीस. बाद फेरीपासूनचे तीन सामने मिळून ब्रेडी एकदाच सॅक झाला आणि डोनाल्डच्या नावावर त्या रात्री एकही नाही. १३-३ हा कंटाळवाणा सुपर बोल म्हणून लोक नाक मुरडतात. मी तो सामना फक्त पाच जणांकडे बघत पाहिला आहे आणि मला तो फार सुंदर वाटतो. काही आठवड्यांत ब्राऊनला ओकलंडने ६ कोटी ६० लाख डॉलरचा करार दिला, वार्षिक सरासरीने फळीतल्या खेळाडूसाठी तेव्हाचा सर्वांत मोठा. स्कारनेकियांची शिकवणी झालेला माणूस बाजारात किती मोलाचा ठरतो हे दोन वर्षांत दोनदा दिसले. आणि दोन्ही वेळा ते नव्या पोराला घेऊन पहिल्या पावलापासून बसले.

२०१९ हा शेवटचा हंगाम. अँड्रूजच्या फुप्फुसात रक्ताच्या गुठळ्या सापडल्या आणि तो वर्षभर बाहेर राहिला. नवा डावा टॅकल आयझाया विन पायाच्या दुखापतीने अर्धा हंगाम नव्हता. राखीव सेंटर टेड कॅरसला घेऊन फळी ओढत न्यावी लागली. जानेवारी २०२० मध्ये टेनेसीकडून हरल्यावर ते दुसऱ्यांदा आणि कायमचे निवृत्त झाले. ब्रेडीनेही त्याच सामन्यानंतर न्यू इंग्लंड सोडले.

२०२३ मध्ये पेट्रिअट्सच्या संघाने त्यांना आपल्या हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे सन्मानदालनात घेतले. हा झाला घरचा सत्कार. सबंध खेळाचा जो हॉल ओहायोतल्या कॅन्टनला आहे, तिथे प्रशिक्षक म्हणून निवडलेली माणसे पाहा: मुख्य प्रशिक्षकच दिसतात. सॅन फ्रान्सिस्कोच्या बॉब मॅकिट्रिक यांनी २१ हंगाम एकाच संघाची फळी शिकवली, पाच सुपर बोल जिंकले, कडाक्याच्या थंडीतही अर्ध्या बाह्यांच्या शर्टात उभे राहिले आणि २००० मध्ये कर्करोगाने गेले. त्यांचा संघ त्यांच्या नावाने फळीतल्या एका खेळाडूला दरवर्षी पुरस्कार देतो. कॅन्टनमध्ये त्यांचे नाव नाही. निवड करणारे म्हणतील की सहायकाच्या कामाचे मोजमाप कसे करायचे? डेन्व्हरचा तो सामना आणि त्यानंतरचा हंगाम शेजारी शेजारी ठेवून पाहा. नीलची २००१ ची आणि २००४ ची चित्रफीत पाहा. ज्याला घ्यायला कोणी तयार नव्हते अशा किती खेळाडूंना या माणसांनी दहा दहा वर्षे पोटापाण्याला लावले त्याची यादी करा. मोजमाप होते, त्याला वेळ द्यावा लागतो. मॅकिट्रिक आणि स्कारनेकिया, ही दोन्ही नावे कॅन्टनमध्ये लागली पाहिजेत, आणि ती मुख्य प्रशिक्षकांच्या रांगेतच लागली पाहिजेत.